बाईंचे गुडघे

समडोळीच्या मगदूमबाईंचे गुडघे गेले, हे गावाला बाईंच्या आधी कळलं. बाई स्वतः कबूलच करायला तयार नव्हत्या. तीस वर्षं ज्या बाईनं गावच्या पोरींना खो-खो शिकवला, राज्याच्या संघात अकरा मुली धाडल्या, ती बाई मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसायला लागली तेव्हा लोक म्हणाले, "बाईंनी खुर्ची धरली बघा." ते ऐकलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या ताडकन उठायला जायच्या आणि अर्ध्यातच "अगं आई गं" म्हणून परत बसायच्या.

आता खो-खो हा सगळा गुडघ्यांचा खेळ. चौकोनात बसायचं ते उकिडवं, टाचा उचलून, आणि पाठीवर थाप पडून "खो" ऐकू आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत उठून पळायचं. एकसष्ट वर्षांच्या सुलभा मगदूम एकोणीस वर्षांत एकदाही तशा बसल्या नव्हत्या. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा, म्हणजे दोन हाडांच्या मधली ती गुळगुळीत गादी, झिजून गेली होती. साल २०३९ उजाडलं, उसावर फवारणी करायला ड्रोन आले, पोरींच्या बुटांत त्यांचा वेग मोजणारे सेन्सर आले, पण झिजलेला गुडघा झिजलेलाच राहिला. धातूचा गुडघा बसवून मिळायचा, पण तो बसवल्यावर उकिडवं बसायचं नाही अशी ताकीद असायची. बाई म्हणायच्या, "मग तो गुडघा कशाला, कपाटात ठेवायला?"

म्हणून मिरजेजवळच्या एका संशोधन केंद्रात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली तेव्हा बाईंनी सगळ्यांत आधी नाव दिलं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नाझनीन बागवान. चाळिशीतल्या, बारीक चणीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी बाईंना समोर बसवून नीट समजावलं.

"बाई, आईच्या पोटात असताना बाळाच्या शरीराला एक आज्ञा मिळत असते. कूर्चा तयार करा, अशी. जन्मल्यावर थोड्या वर्षांत ती आज्ञा थांबते, म्हणून मोठ्या माणसाची कूर्चा एकदा झिजली की भरून येत नाही. आमचं हे जेल तीच आज्ञा पुन्हा देतं. कातडीतून आत जातं आणि झोपलेल्या पेशींना उठवतं."

"मग इतकी वर्षं का नाही दिली ती आज्ञा?"

डॉक्टर हसल्या. "कारण नुसतं उठवून भागत नाही. नव्या पेशींना धरून बसायला काहीतरी लागतं. जखमेवर खपली धरते ना, तशी एक बारीक जाळी. म्हणून हे औषध सांध्यात रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची जाळी विणायला लावतं. मोठ्या माणसाच्या रक्तात गोठण आवरणारी प्रथिनंही भरपूर असतात, त्यामुळं बाकीच्या अंगाला धोका नाही. चोवीस आठवडे रोज लावायचं, वीस मिनिटं, गुडघ्याच्या मागंसुद्धा. मध्ये सोडलं तर नवी कूर्चा विरघळून जाईल असं प्राण्यांमध्ये दिसलंय. आणि स्वतःच्या हातानं, हातमोजा घालून लावायचं."

बाईंनी मान डोलावली आणि एकतीस पानी संमतिपत्रावर सही ठोकली. वाचलं का? छे. खो-खोचे नियम तोंडपाठ असलेल्या बाईनं ती पानं पंचांगासारखी उलटली आणि घरी आल्यावर कपाटात ठेवून दिली.

घरात तीन माणसं. बाई, मुलगा अभिनंदन आणि सून प्रांजल. अभिनंदनचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं. प्रांजल म्हणजे बाईंचीच खेळाडू. अकराव्या वर्षी फाटक्या फ्रॉकमध्ये मैदानावर आली आणि पुढं राज्याच्या संघाची कर्णधार झाली. बाईंनी संघ निवडावा तशी सून निवडली, असं गाव म्हणायचं, पण खरं तर त्या दोघांचं आधीच जमलेलं होतं आणि बाईंनी फक्त शिट्टी वाजवली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी प्रांजल सासूला "आई" म्हणत नव्हती. पाहुण्यांनी टोकलं की म्हणायची, "आया काय घरोघरी असतात. बाई एकच हाय."

पहिल्या दिवशी जेलची नळी आणि हातमोज्यांचं खोकं घेऊन बाई घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या. पाय ताठ, गुडघ्याच्या मागं हात पोचेना. प्रांजल आतून आली, बघितलं आणि खाली बसून तिनं बाईंचा पाय सरळ मांडीवर घेतला.

"अगं, मला स्वतः लावायचंय म्हणे. आणि ते मोजे घालून."

"बाई, गप बसा बघू. अकरा वर्षांची होते तवापास्नं तुमच्या पायाला तेल लावतीय. आणि मोजे घालून आपल्या माणसाचे पाय कोण चेपतंय व्हय? दवाखान्यातल्या नर्ससारखं."

बाईंना ते बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. प्रांजलचे हात खरखरीत आणि गरम होते, आणि कुठं दाबायचं ते त्या हातांना सांगावं लागत नव्हतं. वीस मिनिटं संपल्यावर फोनमधली डायरी बोलायला लागली. केंद्रानं ती बसवून दिली होती आणि रोज तेच विचारायची. "आज जेल स्वतः लावलंत का?"

बाई अडखळल्या. प्रांजल हात पुसता पुसता म्हणाली, "हो म्हणा की. घरचं माणूस म्हणजे स्वतःच."

"हो," बाई म्हणाल्या. नळीच्या टोपणात एक चकती होती, ती रोज किती जेल बाहेर आलं ते मोजून केंद्राला कळवायची. कुणाच्या हातावर आलं ते तिला कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी प्रांजलला उलट्या सुरू झाल्या आणि घरात पेढे आले.

पुढचे चार-साडेचार महिने त्या घरानं जे सुख पाहिलं ते सांगायला मला आवडतं, कारण पुढचं सांगायला आवडत नाही. सहाव्या आठवड्यात बाई जिना न थांबता चढल्या. दहाव्या आठवड्यात मंदिरात मांडी घालून बसल्या आणि प्रवचन संपल्यावर कुणाचा हात न धरता उठल्या. चौदाव्या आठवड्यात त्यांनी ती प्लास्टिकची खुर्ची शेजारच्या चहावाल्याला देऊन टाकली. मैदानावर पोरींनी टाळ्या पिटल्या. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की प्रांजल वाढत्या पोटानिशी सोप्यात बैठक मारायची, बाईंचा पाय पुढ्यात घ्यायची आणि दोघींच्या गप्पा चालायच्या.

"मुलगी झाली तर चौथ्या वर्षी मैदानावर उतरवायची," बाई म्हणायच्या.

"आणि मुलगा झाला तर?"

"तर काय, बापासारखा पाइपा विकंल."

आतून अभिनंदन ओरडायचा, "ऐकतोय मी!"

विसावा आठवडा संपत आला तेव्हा तालुक्याच्या स्पर्धेचं आमंत्रण आलं. रविवारी अंतिम सामन्याआधी जुन्या खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना. आयोजकांनी लाजत लाजत विचारलं, "बाई, नुसतं हजर राहिलात तरी चालंल." बाई म्हणाल्या, "हजर कशाला? पाचव्या चौकोनात बसणार मी." त्या दिवसापासून त्या एकसष्टच्या राहिल्याच नाहीत.

आणि त्याच आठवड्यात, मंगळवारी, प्रांजलची सातव्या महिन्याची सोनोग्राफी होती.

सांगलीच्या डॉ. हर्डीकरांनी पोटावरून ती चपटी कांडी फिरवली, एकदा, दोनदा, आणि मग बोलायच्या थांबल्या. भिंतीवरच्या पडद्यावर बाळ दिसत होतं, अगदी नाकाच्या शेंड्यापर्यंत. डॉक्टर त्याच्या पाठीकडं बघत होत्या.

"डावं मूत्रपिंड सुजलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी झालीय. पोटातल्या बाळाला असं क्वचित होतं. त्याच्या मूत्रपिंडात रक्त फार संथ वाहतं, शिरा केसासारख्या बारीक आणि गोठण आवरणारी प्रथिनं मोठ्या माणसाच्या निम्मीसुद्धा नसतात. डावं मूत्रपिंड बहुतेक गेलं. पण घाबरू नका. उजवं छान आहे, आणि एकावर माणूस आयुष्य काढतो. मला फक्त हे का झालं ते शोधायचंय, कारण ते कारण अजून चालू असेल तर उजव्यालाही धोका आहे."

प्रांजलच्या ओठांचा रंग गेला होता. "माझं काय चुकलं का डॉक्टर?"

"तुमच्या किंवा तुमच्या नवऱ्याच्या रक्तात ते घट्ट होण्याचा काही आनुवंशिक दोष आहे का ते बघू. सोमवारी निकाल येईल, तेव्हा परत तपासू. कुठलं औषध घेता का? गोळी, काढा, लेप, मलम, काहीही?"

"काही नाही," प्रांजल म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते औषध तिचं नव्हतंच, बाईंचं होतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बाई बसल्या होत्या. रक्त, गोठणं, प्रथिनं. हे शब्द त्यांनी याआधी एकदाच ऐकले होते. त्यांची नजर प्रांजलच्या हातांवर गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्यांना वाटलं की खोलीतलं प्रत्येक माणूस त्यांच्याच गुडघ्यांकडं बघतंय. कुणी बघत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दार लोटलं आणि कपाटातली एकतीस पानं काढली. एकोणिसाव्या पानावर सरळ मराठीत लिहिलेलं होतं: हे औषध गरोदर प्राण्यांमध्ये वारेतून गर्भापर्यंत गेलं, पिल्लांच्या शिरांत गुठळ्या आढळल्या. गरोदर स्त्रीच्या त्वचेशी संपर्क टाळावा. तसं घडल्यास ताबडतोब केंद्राला कळवावं.

बाईंनी ते वाक्य चारदा वाचलं. मग फोन हातात घेतला. डॉ. बागवानांचा नंबर काढला. आणि फोन परत ठेवला.

का ठेवला? हे बाईंनी पुढं स्वतःला हजारदा विचारलं, आणि दर वेळी उत्तर थोडं वेगळं आलं. आधी त्यांनी मनाशी म्हटलं, की पक्कं कुठं आहे? सोमवारी रक्ताचा निकाल येऊ दे, तिच्या माहेरचाच दोष निघाला तर उगाच बोभाटा. मग म्हटलं, आजपासून तिला हात लावू द्यायचा नाही म्हणजे झालं, प्रश्नच मिटला. मग प्रांजलला कोणत्या तोंडानं सांगायचं, हेही होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, तिला बाई हात लावत नव्हत्या. कळवलं की केंद्र त्याच दिवशी औषध बंद करणार. बंद झालं की नवी कूर्चा विरघळणार. आणि रविवार पाच दिवसांवर होता.

संध्याकाळी प्रांजल डोळे सुजवून तरी नेहमीसारखी नळी घेऊन आली. बाई एकदम ओरडल्या, "ठेव ती! माझं मी लावते आता. तू विश्रांती घे."

"बाई, एवढंच करते की. जरा बरं वाटतंय मला त्यानं."

"नको म्हटलं ना!"

प्रांजलनं नळी खाली ठेवली. बाईंनी खोक्यातनं पहिल्यांदाच हातमोजा काढला, घातला आणि जेल स्वतः लावलं. आता गुडघा इतका वाकत होता की हात सहज मागं पोचत होता. डायरीनं विचारलं तेव्हा त्यांनी खरं उत्तर दिलं.

बुधवार गेला. गुरुवार गेला. प्रांजल तासन्‌तास पोटावर हात ठेवून बसायची. अभिनंदननं दुकान बंद ठेवलं. गुरुवारी दुपारी तो बाईंना म्हणाला, "आई, माझ्या रक्तात काही असेल का गं? बाबा कशानं गेले होते नक्की?" बाईंच्या तोंडापर्यंत आलं होतं. अगदी जिभेवर. त्या म्हणाल्या, "उगाच काही बोलू नकोस." शुक्रवारी त्या मंदिरात जाऊन आल्या. शनिवारी आयोजकांनी निळा पोशाख पाठवला, त्याच्या पाठीवर पाच आकडा.

बाई म्हणाल्या, "मी नाही जात. या अशात कसली खेळायची हौस."

आणि प्रांजलच म्हणाली, "जायचंच बाई. मी पण येणार. घरात बसून नुसता जीव कुरतडतोय माझा. तुम्हाला चौकोनात बसलेलं बघायचंय मला, लहानपणी बघितलेलं."

रविवारी सकाळी बाई पाचव्या चौकोनात बसल्या. उकिडव्या, टाचा उचलून, पाठ ताठ. मैदानावर अशी शिट्टी-आरोळी उठली की पंचांना हात वर करावा लागला. पाठीवर थाप पडली. बाई उठल्या. पळाल्या. खांबाला वळसा घालून त्यांनी सत्तावीस वर्षांच्या एका पोरीला बाद केलं. त्या नऊ मिनिटांत त्यांना काहीही आठवलं नाही, ना मंगळवार, ना एकोणिसावं पान. ही गोष्ट त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही.

बाहेर मांडवात प्रांजल टाळ्या वाजवत होती. बाई धापा टाकत तिच्याजवळ आल्या तेव्हा तिनं पदरानं त्यांचा घाम पुसला.

"बाळ बघतंय का?" बाईंनी विचारलं.

"आज अगदी गप हाय," प्रांजल म्हणाली. "सकाळपास्नं हललं नाही. तुमची मॅच बघत बसलंय."

सोमवारी डॉ. हर्डीकरांनी पोटावर कांडी ठेवली ती एकाच जागी धरून ठेवली. रक्ताचे निकाल आले होते. आईचं रक्त निर्दोष, बापाचं निर्दोष. आणि पडद्यावर उजव्या मूत्रपिंडाच्या शिरेतही गुठळी होती. बाळाभोवतीचं पाणी निम्म्याहून कमी झालं होतं, कारण ते पाणी म्हणजे बाळाची लघवीच, आणि आता ती तयारच होत नव्हती.

बाई स्टुलावरून उठल्या. "डॉक्टर, माझ्या गुडघ्यांचं औषध," त्या म्हणाल्या. "ती लावायची. रोज. उघड्या हातानं."

तासाभरात डॉ. बागवान गाडी हाकत सांगलीला पोचल्या. त्यांच्याकडं उतारा होता, औषधाला धरून निकामी करणारं एक द्रव्य, चाचणीतल्या कुणाच्या अंगात गुठळी झाली तर वापरायला ठेवलेलं. ते त्यांनी लांब सुईनं गर्भजलात सोडलं. दोन दिवस वाट बघितली. मग बाईंना एका रिकाम्या खोलीत बोलावलं.

"उपयोग झाला नाही," त्या म्हणाल्या. "शीर बंद होऊन चोवीस तास उलटून गेले होते."

"पण मंगळवारपासून तिनं हात लावला नव्हता हो!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

डॉ. बागवानांनी वर बघितलं. मग हळू आवाजात, शाळेत शिकवावं तसं सांगू लागल्या. "हात लावणं थांबवून भागत नाही, बाई. औषध वारेतून बाळात जातं, बाळ लघवी करतं, ते औषध पाण्यात येतं, बाळ तेच पाणी गिळतं. परत आत. असं ते फिरतच राहतं, आठवडेच्या आठवडे. म्हणून तर उतारा पाण्यात द्यायचा." त्यांनी बाईंकडं नीट बघितलं. "तुम्हाला मंगळवारी कळलं होतं?"

खोटं बोलायला जागा होती. बाई म्हणाल्या, "हो."

"मंगळवारी दिला असता तर उजवं वाचलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून त्या कितीतरी वेळ पुसत बसल्या. "चूक माझीही आहे. मी तुम्हाला मोजा घाला म्हणून सांगितलं, का ते सांगितलं नाही. आमच्या घरी माझ्या अम्मीचे पाय माझी भावजय चेपते, आणि मला हे सुचू नये? चाचणी सोमवारीच थांबवलीय. चारशेबारा घरी फोन गेले. आणखी दोन घरांत गरोदर सुना लावत होत्या. त्यांना उतारा मिळाला, ती बाळं ठीक आहेत. हे तुमच्यामुळं झालं, असंही म्हणता येईल."

"म्हणू नका," बाई म्हणाल्या.

"तारीख मला नोंदवावी लागेल. पण प्रांजलला मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

गुरुवारी मुलगी झाली. लघवी नाही म्हणजे पाणी नाही, आणि त्या पाण्याशिवाय बाळाची फुप्फुसं फुलत नाहीत. ती पाऊण तास होती. प्रांजलनं तिला छातीवर घेतलं आणि तिची बोटं मोजली, दहाच्या दहा. अभिनंदन भिंतीकडं तोंड करून उभा होता. बाई दाराबाहेर होत्या, त्यांना आत बोलावलं तरी त्या गेल्या नाहीत.

चौथ्या दिवशी प्रांजलला घरी सोडायचं ठरलं. त्याच सकाळी डॉ. बागवानांनी बाईंच्या गुडघ्यांची शेवटची तपासणी केली आणि कागद पुढं करताना त्यांना बाईंकडं बघवेना. "औषध बंद होऊन आठवडा झाला, तरी कूर्चा विरघळलेली नाही. प्राण्यांसारखं माणसात होत नाही, असं दिसतंय. तुमचे गुडघे पुढची वीस वर्षं असेच राहतील."

म्हणजे मंगळवारी फोन केला असता तरीही राहिले असते. रविवारही झाला असता. सगळं झालं असतं. बाईंनी कागदाची घडी घातली आणि चौथ्या मजल्यावर प्रांजलच्या खोलीत गेल्या.

अभिनंदन गाडी आणायला खाली गेला होता. प्रांजल मोरीत बेसिनपाशी उभी होती, नळ सोडून हात धूत होती. साबण लावायची, धुवायची, परत लावायची. बोटं लाल झाली होती.

"अगं, बास कर."

"या हातांनी केलं मी बाई," ती नळाकडं बघतच म्हणाली. "तुम्ही म्हणाला होता मोजे घाल म्हणून. मी ऐकलं नाही. मीच म्हटलं, हो म्हणा. माझ्या हातांनी मारलं तिला."

बाईंनी पुढं होऊन नळ बंद केला. आता गप्प राहिलं तर ही पोरगी जन्मभर हे घेऊन फिरणार होती, आणि जन्मभर बाईंचीच राहणार होती. एवढंच होतं त्यांच्या हातात. एकीकडं प्रांजलचं मन, दुसरीकडं प्रांजल.

"तू नाही मारलंस," बाई म्हणाल्या. "बस इथं. ऐक."

प्रांजल कॉटच्या कडेला बसली. बाई उभ्याच राहिल्या.

"मला मंगळवारी कळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाच. घरी येऊन मी कागदात वाचलं. लिहिलं होतं, ताबडतोब कळवा. मी नाही कळवलं. म्हणून तर तुला हात लावू दिला नाही त्या दिवसापासून. सहा दिवस मी गप्प बसले."

"का?"

"भीती वाटली, तुला काय सांगू म्हणून." एवढ्यावर थांबता आलं असतं. "आणि रविवारचा सामना होता. औषध बंद झालं असतं."

प्रांजल त्यांच्याकडं बघत होती. रडत नव्हती.

"मंगळवारी सांगितलं असतं तर?"

"उजवं वाचलं असतं. डॉक्टर म्हणाल्या."

"एक पुरतं ना माणसाला?"

"पुरतं."

"म्हणजे ती आज असती."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आता ही ओरडेल, अंगावर धावून येईल, काहीतरी फेकून मारेल. त्यांना ते हवं होतं. पण प्रांजल उठली, टॉवेलनं हात कोरडे केले, पिशवी खांद्याला लावली. दोघी बाहेर आल्या. लिफ्टचं दार उघडं होतं. प्रांजल आत गेली. बाई मागोमाग पाऊल टाकणार तोच तिनं हात आडवा धरला.

"तुम्ही जिन्यानं या," ती म्हणाली. "तुमचे गुडघे बरे झालेत. मला तुमच्याबरोबर या डब्यात उभं राहवणार नाही."

दार मिटलं आणि लिफ्ट आधी वरच्या मजल्यांकडं गेली.

बाई जिना उतरायला लागल्या. चार मजले, शहाऐंशी पायऱ्या. दर पायरीवर त्या कळ यायची वाट बघत होत्या. पूर्वी यायची ती, मांडीपर्यंत झिणझिण्या आणणारी, कठडा धरायला लावणारी. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी मुद्दाम पाय जोरात आपटला. दुसऱ्यावर दोन दोन पायऱ्या उतरून बघितल्या. काही दुखलं नाही. एकोणीस वर्षं नवससायास करून मागितलं होतं, ते मिळालं होतं, आणि दोन्ही गुडघे लोण्यासारखे वाकत होते. बाईंना हुंदका फुटला तो तळमजल्यावरच, पदर तोंडात कोंबून त्यांनी तो आत ढकलला आणि दारातून बाहेर आल्या.

पायऱ्यांपाशी अभिनंदन गाडीचं दार उघडून उभा होता. त्यानं आईच्या मागं बघितलं.

"आई, प्रांजल कुठाय?"

"लिफ्टनं येतीय."

"मग तू का जिन्यानं आलीस?"

"मला येतंय आता उतरता," बाई म्हणाल्या. "तू तिला घेऊन जा, बाळा. मी चालत येते."